रिनियाच्या खाडीत, डीलॉससमोर

मेल्टेमी अजून उतरलेला नाही. ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात उन्हाळाभर उत्तरेकडून सुटणारा हा वारा. दुपारी मोठं शीड निम्मं गुंडाळूनही होडी एका अंगावर कलंडून धावत होती. रिनिया बेटाच्या दक्षिणेकडच्या खाडीत शिरलो आणि पाणी एकदम निवळलं. नांगर वाळूत धरला. समोर अरुंद खाडीपलीकडे डीलॉस.

सकाळी शेजारच्या मिकोनोस बेटाच्या प्रवासी बोटीने तिथे जाऊन आलो. रात्री त्या बेटावर कुणालाच राहू देत नाहीत. लांबीला जेमतेम पाच किलोमीटर, रखरखीत, सावलीला झाड नाही. पुराणकथेत ग्रीक देव अपोलोचा जन्म इथला, म्हणून एवढं माहात्म्य. दक्षिणेकडच्या नाक्सोस बेटावरच्या लोकांनी इ.स.पू. सातव्या शतकात उभे केलेले संगमरवरी सिंह प्रसिद्ध आहेत, पण मी रेंगाळले ती एका घराच्या अंगणात. तिथल्या जमिनीवर नांगराला विळखा घातलेला डॉल्फिन आहे. दगडाचे बारीक तुकडे, नखाएवढेसुद्धा नाहीत, आणि शेपटीची वळणं किती सफाईने साधलीत! घरधनी दर्यावर्दी असावा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मात्र दिवसभर डोक्यात आहे ते इ.स.पू. ४२६चं शुद्धीकरण. अथेन्सने डीलॉसवरच्या सगळ्या कबरी उकरून काढल्या आणि हुकूम सोडला की यापुढे या बेटावर कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही. दिवस भरलेल्या बायका आणि शेवटच्या घटका मोजणारी माणसं इकडे, रिनियावर आणायची. सामोस बेटाच्या पॉलिक्रेटिस या हुकूमशहाने रिनिया जिंकून साखळीने डीलॉसला बांधलं आणि अपोलोला वाहिलं, असं त्या काळचा ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस लिहितो. दोन्ही बेटं इतकी जवळ. पण आजच्यासारख्या वाऱ्यात, वल्ह्याच्या होडीत, कळा सुरू झालेल्या बाईला तेवढं अंतरही केवढं झालं असेल! नाव देवाचं होतं, सत्ता अथेन्सची. डीलॉसवर ठेवलेला, अथेन्सच्या पुढाकाराने जमलेल्या ग्रीक नगरराज्यांच्या मित्रसंघाचा खजिना त्यांनी इ.स.पू. ४५४मध्येच आपल्याकडे नेला होता. पुढे चारच वर्षांत त्यांनी जिवंत डीलॉसकरांनाही बेटाबाहेर काढलं, मग वर्षभराने परत आणलं. मला या शुद्धतेचा रागच येतो.

त्या उकरलेल्या कबरींमधली शस्त्रं आणि पुरण्याची रीत पाहून थुसिडिडीसने निम्म्याहून अधिक मृत कारियन, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या नैऋत्य किनाऱ्याकडचे लोक, असल्याचं नोंदवलं. वस्तूंवरून माणसं ओळखायची ही पद्धत तेव्हाची आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इकडे आणून पुरलेल्या त्या अवशेषांचा खड्डा १८९८मध्ये याच रिनियावर सापडला. त्यातली भांडी मिकोनोसच्या संग्रहालयात आहेत. बाकीच्यांना उद्या नाक्सोस गाठायचंय, वाराही तिकडेच नेणारा आहे. मी मात्र मिकोनोसला परतायचा हट्ट धरून बसले आहे. वारा तोंडावर घेऊन इंजिनावर जावं लागेल. चालेल.