सर्वानुमते मंजूर!
आज सोसायटीची वार्षिक सभा चक्क पंधरा मिनिटांत आटोपली. दरवर्षी लिफ्टच्या बिलावरून कमिटीला घाम फोडणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका मुलाकडे राहायला गेलेत. टाकीदुरुस्तीचे पावणेदोन लाख सर्वानुमते मंजूर! मीही वडापाव खाता खाता हात वर केला, कागद न बघताच.

येताना जिन्यात विधानसभा आठवली. २०२४ च्या निकालात २८८ जागांपैकी विरोधकांत ठाकरेंच्या सेनेला २०, काँग्रेसला १६, शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १०. विरोधी पक्षनेतेपदासाठी एका पक्षाकडे दहा टक्के जागा हव्यात, असा संकेत. दहा टक्के म्हणजे २९ यांच्यापैकी कुणाकडेच नव्हत्या, त्यावर बोट ठेवून ते पद अडलं. (यांचं आपसात जमलं असतं तर... असो.) नडणारा माणूस नकोसा वाटतो खरा, पण बिलं तोच वाचतो.

रात्री काकांना फोन लावला. पहिलाच प्रश्न, "कोटेशनं किती आली होती रे?"

विचारलंच नव्हतं कुणी.