मीटर रूममधले तीन हजार ल्युमेन

मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत एका विंगची वीज रात्री साडेनऊच्या सुमारास गेली, आणि मीटर रूममध्ये इलेक्ट्रिशियनला उजेड दाखवण्यासाठी मी माझी नवी टॉर्च घेऊन मोठ्या ऐटीत खाली उतरलो. खोक्यावर ‘३००० ल्युमेन’ असे छापलेले होते (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचे माप) आणि पहिली दोन मिनिटे तो आकडा अगदी खरा वाटला. तिसऱ्या मिनिटाला मात्र उजेड एकदम बसला. “साहेब, सेल उतरला वाटतं,” इलेक्ट्रिशियन मान न वळवता म्हणाला. सेल उतरलेला नव्हता, कारण दुपारीच मी तो पूर्ण चार्ज केला होता. टॉर्च मात्र हातात धरवत नव्हती.

आमच्या घरी टॉर्चला अजूनही ‘बॅटरी’च म्हणतात, त्यामुळे उजेड कमी झाला की दोष सेलचाच, ही समजूत आमच्या पिढीत पक्की बसलेली आहे. जुन्या काचेच्या बल्बच्या टॉर्चमध्ये ती बरोबरही होती. त्या बल्बची बहुतेक उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने उजेडाबरोबरच पुढे निघून जात असे. एलईडीचा झोत तुलनेने थंड असतो आणि तिची उष्णता मागच्या बाजूला, एका नखाएवढ्या चिपमध्ये, साठत राहते. ती चिपखालच्या तांब्याच्या पट्टीतून, उष्णतावाहक पेस्टमधून आणि ॲल्युमिनियमच्या नळीतून बाहेरच्या हवेपर्यंत पोहोचली, तरच चिप वाचते.

त्या रात्रीनंतर मी कागदावर थोडा हिशेब मांडला. पांढऱ्या उजेडाच्या प्रत्येक वॅटमागे साधारण ३०० ल्युमेन धरले, तर ३००० ल्युमेनसाठी सुमारे १० वॅट शुद्ध प्रकाश लागतो. पूर्ण शक्तीवर एलईडीची कार्यक्षमता घसरलेली असते, म्हणून तेवढा प्रकाश काढण्यासाठी सेलमधून सुमारे ३० वॅट घ्यावे लागतात आणि उरलेले २० वॅट नळीला तापवतात. माझी टॉर्च आणि तिचा २१७०० सेल (२१ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब) मिळून वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे तिचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे २०० ज्यूल पुरतात. वीस वॅटच्या हिशेबाने दर दहा सेकंदांना एक अंश. मीटर रूममधली हवा ३३-३४ अंशांवर असेल, तर तीन मिनिटांत नळी पन्नाशीला टेकणारच. पंचेचाळीसच्या पुढे धातू हाताला नकोसा होतो, आणि आत बसवलेला तापमापक नेमक्या त्याच सुमारास करंट कमी करतो.

खरी मेख पुढे आहे. तेरा सेंटीमीटर लांब आणि जेमतेम तीन सेंटीमीटर जाड नळीचा बाहेरचा पृष्ठभाग सव्वाशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरतो, आणि हवा स्थिर असेल, तर एवढा पृष्ठभाग आपल्या व हवेच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे सुमारे आठवा भाग वॅट बाहेर टाकू शकतो. नळी पन्नास अंशांवर आणि हवा तिसावर असेल, तर हे अडीच वॅट झाले. कमी करंटवर एलईडी बरीच काटकसरीने जळते, त्यामुळे अडीच वॅट उष्णतेच्या मर्यादेत पाचशे-सहाशे ल्युमेन सलग मिळू शकतात, पण त्याहून फार जास्त नाही. तीन हजार ल्युमेन ही एलईडीची ताकद झाली. ठाण्याच्या मे महिन्यातील बंद खोलीत टिकणारा उजेड त्या नळीचा पृष्ठभाग आणि भोवतालची हवाच ठरवते.

मग खोक्यावरचा आकडा खोटा म्हणायचा का? तसेही नाही. टॉर्चच्या मोजमापासाठी २००९ पासून एफएल-१ नावाचे मानक वापरले जाते, आणि त्यात ल्युमेन मोजायचे ते टॉर्च लावल्यापासून ३० सेकंद ते दोन मिनिटे या काळात. चालू राहण्याचा वेळ मात्र उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत धरला जातो. त्यामुळे ‘३००० ल्युमेन, अडीच तास’ असे छापणारा नियमाने वागलेला असतो, आणि ते वाचणाऱ्याची सरळ फसगत झालेली असते. चांगले उत्पादक उजेडाचा वेळेनुसार आलेख देतात. तो आलेख न देणाऱ्याची टॉर्च मी आता घेत नाही.

उजेड उतरवण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या आहेत. काही टॉर्च घड्याळ लावल्यासारख्या ठरावीक वेळाने पायरी उतरतात, मग बाहेर डिसेंबरमधला गडावरचा गारठा असो की आमची मीटर रूम. हा आळशीपणा मला पटत नाही. दुसऱ्या प्रकारात तापमानाकडे पाहून करंट हळूहळू कमी-जास्त होतो, आणि नीट लिहिलेला प्रोग्रॅम असेल, तर डोळ्याला बदल कळतही नाही. ॲन्ड्युरिल या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये ही मर्यादा आपल्याला स्वतः बसवता येते. ती साठपर्यंत चढवण्याचा मोह होतो. पण साठ अंशांचा धातू काही सेकंदांत पोळतो, आणि त्याच नळीत लिथियम आयन सेलही बसलेला असतो, हे लक्षात ठेवून मी माझी पन्नासावर ठेवली आहे.

पंख्याचा उपाय मी घरीच करून पाहिला. अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडे तोंड करून उभी केली, टेबलावर लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचे यंत्र, ठेवला आणि दर अर्ध्या मिनिटाला नोंद घेतली. पंखा बंद असताना उजेड सुरुवातीच्या पाचव्या भागाजवळ स्थिरावला. टेबलफॅन लावल्यावर तो हळूहळू चढत जवळजवळ दुप्पट झाला. शेजारच्या काकूंनी दारातून डोकावून हे काय चालले आहे असे विचारले, तेव्हा टॉर्चला वारा घालतो आहे, असे उत्तर मला द्यावे लागले. पण हे तितके हास्यास्पद नाही. इमॅलेंट कंपनीच्या एमएस-१८ या, कंपनीच्या सांगण्यानुसार एक लाख ल्युमेन देणाऱ्या, टॉर्चमध्ये पंखे आतच बसवलेले आहेत. पावसाळी ट्रेकमध्ये तर थेंबच हे काम फुकट करतात, फक्त धुक्यात जास्त उजेड म्हणजे डोळ्यांसमोर पांढरी भिंत. हाताने धरणेही उपयोगी पडते, कारण तळहातातून वाहणारे रक्त उष्णता उचलून नेते. टेबलावर आडवी ठेवलेली टॉर्च लवकर मंदावते.

स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियमच्या देखण्या टॉर्चकडे पाहताना मी आता हात आवरतो. टॉर्चसाठी वापरल्या जाणाऱ्या धातूंत उष्णता वाहून नेण्यात तांबे सर्वांत पुढे आणि ॲल्युमिनियम त्याच्या जवळपास निम्मे, पण स्टील ॲल्युमिनियमच्या दहाव्या भागापर्यंतही पोहोचत नाही आणि टायटॅनियमची मिश्रधातू त्याहून मागे. अशा नळीचे डोके चटका बसेल इतके तापते आणि शेपटी गारच राहते. ॲल्युमिनियमवरचा काळा ॲनोडाइज्ड थर मात्र नुसता दिखाऊ नाही. उघड्या चकचकीत धातूपेक्षा तो कितीतरी जास्त उष्णता किरणांवाटे बाहेर टाकतो.

उजेड पाचव्या भागावर आला म्हणून दिसणेही पाचव्या भागावर येत नाही. झोताचा पल्ला तीव्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे उजेड निम्मा झाला तरी पल्ल्याचे सत्तर टक्के शिल्लक राहतात. येऊरच्या पायथ्याशी संध्याकाळी फिरताना शंभर-दीडशे ल्युमेनमध्ये वाट नीट दिसते, आणि झाडीतल्या प्राण्यांच्या डोळ्यांवर त्याहून जास्त उजेड मारण्याची गरजही नसते.

जूनमध्ये तीच विंग पुन्हा अंधारात गेली. या वेळी मी मधल्या, सहाशे ल्युमेनच्या पायरीपासूनच सुरुवात केली, आणि पाऊण तास काम चालले तरी उजेड जाणवण्याइतका हलला नाही. घरी आल्यावर नळी कोमट होती, तरी चार्जर लावायला मी तासभर थांबलो, कारण पंचेचाळीस अंशांच्या वर लिथियम आयन सेल चार्ज करू नये.