भीती एका जागी, चोरी दुसऱ्या

वसाहतीची मागणी स्पष्ट होती: मागच्या पायवाटेवर कायमची पोलीस चौकी हवी. गुन्हे प्रतिबंधाच्या कामात अशी मागणी आली की आम्ही उपायाकडे लगेच वळत नाही. आधी दोन नकाशे काढतो, एक गुन्ह्यांचा आणि एक भीतीचा. दोन्ही वेगवेगळ्या माणसांना करायला देतो, म्हणजे एकाचा प्रभाव दुसऱ्यावर पडत नाही. त्या दिवशी संध्याकाळी हे नकाशे एकावर एक ठेवले, तर खुणा जवळपास कुठेच जुळेनात. इतका उघड फरक क्वचितच पाहायला मिळतो.

गुन्ह्यांच्या नकाशात सकाळ गेली. पहिला त्रास पत्त्याचा. ‘वसाहतीच्या फाटकाजवळ’ एवढंच लिहिलेल्या सगळ्या घटना नकाशावर फाटकाशी गोळा होतात आणि फाटक उगाच बदनाम होतं. अशा प्रत्येक नोंदीची मूळ फिर्याद काढून घर कोणतं, मजला कोणता, दार पुढचं की मागचं हे शोधावं लागतं. दुसरा घोळ वेळेचा. घरफोडी नेमकी कधी झाली हे फिर्यादीलाच ठाऊक नसतं. तो सकाळी 9 ला कुलूप लावून गेला, संध्याकाळी 6 ला परतला आणि 7 ला ठाण्यात पोचला. नोंदीत 7 पडले, की घरफोड्या संध्याकाळी होतात असं चित्र तयार होतं. मधली वेळ धरली तर दुपारी दीडला खोटा उंचवटा दिसतो. म्हणून ती घटना नऊ तासांत वाटायची, प्रत्येक तासाला एक नवमांश. सगळ्या नोंदींसाठी हेच करून तासागणिक बेरीज केली की खरी वेळ हळूहळू वर येते. इथे ती 11 ते 3 आली. जागा निघाली तळमजल्यावरच्या घरांची मागची दारं आणि पद्धत जवळपास प्रत्येक ठिकाणी तीच, कडी-कोयंडा उचकटून. पायवाटेवर मात्र जेमतेम एखादी खूण.

भीतीच्या नकाशासाठी दुसरी तुकडी घरोघर गेली. इथे प्रश्न कसा विचारता त्यावर सगळं अवलंबून असतं. ‘अंधारात एकटं चालताना सुरक्षित वाटतं का?’ असं विचारलं तर जे कधी त्या वाटेने जातच नाहीत तेही कल्पना करून उत्तर देतात. आमचे प्रश्न घडलेल्या गोष्टींचे असतात: गेल्या महिन्यात कधी भीती वाटली? कुठे, किती वाजता? मग काय केलंत? शेवटच्या प्रश्नात खरा ऐवज असतो. लांबचा फेरा, सोबतीची वाट पाहणं, संध्याकाळचा क्लास सोडणं, हे सगळं भीतीमुळे माणसाने मोजलेलं मोल आहे आणि ते कुठल्याही गुन्ह्याच्या नोंदीत येत नाही. नुसती सभा बोलावून हे कळत नाही, कारण सभेत मोठ्या आवाजाची माणसं बोलतात. रात्रपाळीवाले, शाळकरी मुली आणि म्हातारी माणसं घरीच गाठावी लागतात. एका आजींनी फार नेमकं सांगितलं: “अहो, त्या वाटेवर मला कधी काही झालेलं नाही. पण हाक मारली तर ऐकणार कोण?”

नकाशे जुळले नाहीत तेव्हा बैठकीतला एक सूर होता की लोकांची भीती निराधार आहे, त्यांना आकडे दाखवा म्हणजे झालं. मला हे अजिबात पटत नाही. वाटेवर घटना कमी आहेत कारण वाटेवर माणसंच कमी आहेत. गुन्ह्यांची संख्या ये-जा करणाऱ्यांच्या संख्येने भागल्याशिवाय वाट सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. शिवाय आजी अफवेबद्दल बोलत नव्हत्या, त्या जागेचा एक खरा दोष सांगत होत्या.

तो दोष रात्री चालताना दिसला. खांबाखाली उजेड मोजणारा लक्स मीटर 30 च्या वर, दोन खांबांच्या मधोमध 1 सुद्धा नाही. वाटेच्या टोकाला एक जबरदस्त फ्लडलाइट, सरळ डोळ्यांवर. त्यामुळे समोरून येणारा माणूस म्हणजे नुसती काळी आकृती. दिवे वाढवा असं सगळे म्हणतात, पण इथे आधी तो फ्लडलाइट खाली वळवून त्यावर झाकण बसवायला हवं होतं. मोजमाप जमिनीवर घेऊन भागत नाही. लक्स मीटर जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, चालणाऱ्याच्या दिशेने उभा धरायचा, कारण चेहऱ्यावर किती उजेड पडतो हे कळायला हवं. समोरच्याचा चेहरा आणि हात निदान दहा-बारा मीटरवरून ओळखता आले, तर वाट बदलायला वेळ मिळतो. झुडपं एक मीटरच्या खाली, फांद्या दोन मीटरच्या वर, मधला पट्टा मोकळा. आणि दोन्ही बाजूंच्या सलग भिंतीत एक तरी फाटक, ज्यातून बाहेर पडता येईल आणि हाक आत पोचेल.

यातल्या कशानेही दुपारची घरफोडी थांबणार नव्हती. तिचं कारण दारात होतं. कोयंडा जाड, कुलूप भारी, पण चौकटीत शिरलेले स्क्रू जेमतेम बोटाच्या पेराएवढे. पहार लावली की कुलूप शाबूत राहतं आणि कोयंडा लाकडासकट हातात येतो. आरपार बोल्ट घालून आतून नट आवळायचा, आणि बिजागरी बाहेरच्या बाजूला असेल तर तीही तशीच बांधायची. सुरुवात फोडलेल्या घरांपासून आणि त्यांच्या शेजाऱ्यांपासून करायची, कारण चोर पुन्हा तिथेच येतो आणि बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांतच. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत 1986 पासून हेच केलं गेलं. तिथे एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता इतरांच्या चौपट होती. त्या घरांची कुलपं-खिडक्या मजबूत केल्या, नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर, ज्यांत रोकड साठायची, काढले, आजूबाजूच्या सहाएक घरांना लक्ष ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे 75 टक्क्यांनी घटल्या.

राहता राहिली चौकी. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये प्रयोग म्हणून काही बीटमधली, म्हणजे गस्तीच्या ठरलेल्या भागांतली, पोलीस गाडीची गस्त काढून घेतली, काहींत दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांत फरक नाही, भीतीतही नाही. अमेरिकेतच नेवार्कमध्ये 1978-79 ला पायी गस्त घातली तेव्हा नोंदलेले गुन्हे तेवढेच राहिले, लोकांना मात्र सुरक्षित वाटू लागलं. पायी गस्त नेमक्या ठिकाणी लावली तर गुन्हाही घटतो: फिलाडेल्फियात 2009 मध्ये निवडक ठिकाणी ती लावून हिंसक गुन्हे 23 टक्क्यांनी कमी झाले. म्हणून चौकीत दोन माणसं बसवण्यापेक्षा आम्ही पायी गस्तीचे थांबे सुचवले. सकाळी 11 ते दुपारी 3 मागच्या दारांच्या बोळात, संध्याकाळी पायवाटेवर, प्रत्येक वेळी 10 ते 15 मिनिटं, वेळ रोज बदलती. त्यापेक्षा जास्त थांबून फायदा वाढत नाही. थांब्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून उभं राहायचं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं. भीती उतरते ती त्या बोलण्याने.

निकालही दोन खात्यांत मोजायचा ठरला. घरफोडीसाठी गेल्या वर्षीचे तेच महिने, तुलनेला तशीच दुसरी वसाहत, आणि चोरी शेजारी सरकली का हे पाहायला भोवतीचा पट्टा. भीतीसाठी पुन्हा तेच प्रश्न, आणि सोबत संध्याकाळी 7 ते 9 पायवाटेवरून जाणाऱ्यांची मोजणी, त्यात एकट्या बायका आणि म्हातारी माणसं वेगळी. ठाण्याच्या नोंदवहीतही वेळेचे रकाने आता दोन आहेत: घर शेवटचं नीट पाहिलं ती वेळ, आणि चोरी उघडकीला आली ती वेळ.