वाक्य संपते तिथे सूर: पहिले संगीत नाटक बसवण्याचा माझा अनुभव

दिग्दर्शक म्हणून मी पहिले नाटक बसवले ते 'संगीत सौभद्र'. त्याआधी तीन हंगाम अंबाजोगाई-लातूर भागातल्या हौशी प्रयोगांना प्रॉम्प्टिंग केले होते, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेली वाक्ये सुचवली होती. या कामाची सुरुवात कुठून करावी असे नवीन मुले विचारतात, त्यांनाही मी विंगेतली तीच जागा सुचवतो. संगीत नाटक बहुधा एकाच ठिकाणी पडते, वाक्य संपून पद सुरू होते त्या सांध्यावर, आणि तो सांधा विंगेतून रोज स्पष्ट ऐकू येतो. नट सूर शोधायला दोन क्षण थांबतो, ऑर्गनवादक त्याच्याकडे बघतो, आणि तेवढ्यात सुभद्रा नाहीशी होऊन तिथे नुसती गायिका उभी राहते.

युरोपातल्या ऑपेरात समोर कंडक्टर असतो, गाणारे आणि वाजवणारे दोघेही त्याच्याकडे बघतात. आपल्याकडे तो नाही. आपल्याकडे गद्य आहे, पद आहे, आणि मधला दुवा सांभाळणारा ऑर्गनवादक आहे. म्हणून दिग्दर्शकाने नटांच्या आधी त्याच्याबरोबर बसावे. आम्ही संहितेची एक स्वतंत्र प्रत फक्त त्याच्यासाठी केली. प्रत्येक पदाआधीच्या वाक्यात ज्या शब्दावर षड्ज, म्हणजे नटाचा 'सा', द्यायचा तो शब्द लाल केला. शेवटचा शब्द संपल्यावर सूर दिला तर उशीर झालेला असतो. शेवटच्या वाक्याच्या मध्यावर हलका षड्ज आला, की नट बोलता बोलताच सुरात येतो.

निवडीबद्दल थोडक्यात. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. 'सौभद्र'चे लेखक अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 साली गेले, त्यामुळे आम्हाला अडचण नव्हती. अलीकडचे नाटक घेतले तर शब्द आणि संगीत, दोन्हींची लेखी परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते. एक मिळाली की दुसरी आलीच, असे धरून तालमी सुरू करू नयेत. नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचे कामही नाट्यगृहाची तारीख घेण्याआधीच हातात घ्यावे.

मूळ 'सौभद्र' पाच अंकी, पदे शंभराच्या वर. सगळी ठेवली तर रात्र सरेल. मी पदांच्या तीन याद्या केल्या. ज्याने कथा पुढे जाते ते पद राहणारच. ज्याने पात्राचे मन उघडते ते एका पात्राला दोन-तीनच. गद्यात आधीच येऊन गेलेला मजकूर पुन्हा सांगणारे पद गाळायचे, किंवा साकी-दिंडीसारख्या साध्या चालीत दोन ओळींपुरते ठेवायचे. अशी 26 पदे उरली. सरासरी 3 मिनिटे धरली तर 78 मिनिटे, गद्य 70 मिनिटे, मध्यंतर 15. हा हिशेब कागदावर सोपा, पण चाल घड्याळ लावून गाऊन घेतल्याशिवाय खरा ठरत नाही. तानांची हौस असलेला कलाकार 3 मिनिटांचे पद सहज 6 मिनिटांवर नेतो. काटछाट करताना आणखी एक चूक होते. पद गाळले जाते आणि त्याला उत्तर देणारे पुढचे वाक्य तसेच राहते. म्हणून काटलेली संहिता एकदा सलग मोठ्याने वाचावी, फक्त गद्य.

पट्टीचा, म्हणजे कोणाचा 'सा' पेटीच्या कुठल्या स्वरावर याचा, प्रश्न सगळ्यात चिवट. आमचा कृष्ण काळी एकमध्ये (पेटीच्या सप्तकातला पहिला काळा स्वर), सुभद्रा काळी चारमध्ये गाणारी. काळी चार हा काळी एकचा पंचम, म्हणून पुरुषाच्या पदानंतर लगेच स्त्रीचे पद आले तरी ऑर्गनला जुन्या पंचमावर थांबून तोच नवा षड्ज करता येतो आणि प्रेक्षकाच्या कानाला धक्का बसत नाही. काळी तीन असती तर मध्यमावरून हेच झाले असते. सुभद्रेची पांढरी पाच असती तर मात्र उडी उघडी पडली असती. अशा वेळी कलाकाराला अर्ध्या स्वराने वर किंवा खाली गाता येते का, हे पहिल्या आठवड्यातच पाहावे. पाठ झालेली पट्टी महिन्यानंतर बदलत नाही.

तबले दोन लागतात, एक काळी एकचा मोठ्या तोंडाचा, दुसरा काळी चारचा लहान. एकाच तबल्याला हातोडीने वरखाली करत बसले की प्रवेशाची लय जाते. शिवाय आमच्याकडची हवा. हिवाळ्यात मराठवाड्यात कोरडेपणा इतका असतो की पुडी, म्हणजे तबल्याचे कातडे, ताणून तबला चढतो, आणि दिव्यांच्या उष्णतेने तंबोऱ्याच्या तारा उतरतात. दोन वाद्ये उलट दिशांना सरकतात. त्यामुळे ऑर्गन हाच प्रमाण मानायचा, आणि मध्यंतरात बाकी सगळे त्याच्याशी पुन्हा जुळवायचे.

ऑर्गन लातूरहून टेम्पोत आणला. तो आडवा कधीच ठेवू नये. खाली गादी, दोन्ही बाजूंना दोर, भात्यावर जाड कापड. उतरवल्यावर सगळे स्वर एकेक करून वाजवून पाहावेत. एखादा मुका निघाला तर बहुतेक वेळा रीडमध्ये धुळीचा कण असतो. रीड अलगद काढून मऊ ब्रशने झाडावी, खरवडू नये. टोकाला घासले की स्वर चढतो, मुळाशी घासले की उतरतो, आणि प्रयोगाच्या दिवशी तो परत जागेवर आणणारा माणूस सापडत नाही.

आमचे निम्मे कलाकार भजनी मंडळातून आले होते. मोकळा गळा, पल्लेदार आवाज, तालाची पक्की जाण. अशी माणसे गावोगाव आहेत आणि संगीत नाटकवाल्यांनी त्यांच्याकडे जावे असे मला मनापासून वाटते. त्यांच्याबरोबर मेहनत घ्यावी लागली ती शब्दांवर. 'राधाधर मधुमिलिंद' मध्ये 'राधा' नंतर श्वास घेतला की 'धर' सुटे पडते आणि अर्थच जातो. तिथे राधेचा अधर, म्हणजे ओठ, आहे, त्यातल्या मधाचा मिलिंद, म्हणजे भुंगा, आहे. श्वास 'मिलिंद'च्या पुढे. अशी प्रत्येक पदाची श्वासाची जागा आम्ही पेन्सिलने मारली, आणि पद आधी गद्यासारखे म्हणून घेतले. ओळीआधी 'हो', 'ए' लावण्याची भजनातली सवय त्यानेच सुटली.

तालमी दिवाळीनंतर सुरू केल्या, पण कापसाच्या वेचणीत आणि लग्नतिथींना माणसे जमत नाहीत. साठ दिवस धरले, हाती चाळीस लागले. पहिले पंधरा फक्त पेटीवर, बसून. उभे राहिल्यावर खरे दिग्दर्शन सुरू होते, आणि ते गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचे जास्त असते. 'नच सुंदरी करू कोपा' कृष्ण गातो, पण प्रेक्षकाला बघायची असते रुक्मिणी. तिचा राग कुठल्या ओळीला किती उतरतो, ती कधी वळते, कधी वळायची राहते, हे अंतऱ्यागणिक ठरवले. गाणाऱ्याची हालचाल मुखड्याच्या, म्हणजे पदाच्या परत परत येणाऱ्या पहिल्या ओळीच्या, आवर्तनात ठेवली. अंतऱ्याच्या पहिल्या ओळीला आणि तानेला पाय स्थिर. गुडघ्यावर वाकून बसलेल्या नटाला लांब स्वर झेपत नाही, पोट दाबले जाते. अर्जुनाच्या यतिवेशात ताठ मांडी चालते.

माइक छातीवर लावला तर उपरण्याची आणि माळांची खरखर येते. आम्ही रंगमंचाच्या कडेला तीन आणि वर टांगलेले दोन ठेवले, आणि ऑर्गनला माइक दिलाच नाही. वीज गेली तेव्हा याचा उपयोग झाला. जनरेटर सुरू होईपर्यंत पद थांबले नाही.

वन्समोरचे, म्हणजे प्रेक्षकांच्या मागणीवरून पद पुन्हा गाण्याचे, आधी ठरवून ठेवावे. आम्ही दोनच पदांना तो घ्यायचा ठरवला. परत यायचे ते मुखड्यावर, एक अंतरा गाऊन पुढे. प्रकाशवाल्याला आणि विंगेतल्या पुढच्या पात्राला हे माहीत नसेल तर टाळ्या चालू असतानाच नारद आत येतो. प्रॉम्प्टरने त्या पदावर पान उलटायचे नाही, तबला पुन्हा समेवर येईपर्यंत बोट तिथेच ठेवायचे.