खर्रा कोण आणतं?

"आबाजीचा खर्रा मीच आणतो ना! माह्या नावावर उधारी पन चालते." (खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू नि चुना पन्नीत घोटून केलेलं मिश्रण.)

पूर्व नागपुरातल्या आमच्या वस्तीत आज व्यसनमुक्तीची बैठक होती. विषय 'तरुण पिढी आणि नशा'. एमडी (मेफेड्रोन हे ड्रग), गांजा, कॉलेजची पोरं, सगळं जोरात चाललेलं. मधेच सहावीतला हा पठ्ठ्या बोलून गेला. सगळे हसले. पुढच्या खुर्चीवरचे आबाजी खर्र्याची पन्नी घोटतच राहिले, त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही.

मला ते हसू काही पचलं नाही. अठराच्या आतल्यांना तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे. व्हिस्की-रमला तर महाराष्ट्रात 25 वर्षं पूर्ण लागतात. पण इथं घरचाच माणूस पोराच्या हातात नोट देऊन टपरीवर धाडतो, तिथं कायदा काय करणार? (पोलिसांचं व्याख्यान ठेवा म्हणे!)

एका काकूंनी सुचवलं, पोरांच्या हातून खर्रा, पुडी, बाटली काहीच मागवायचं नाही, एवढाच ठराव करा. टपरीवाल्यालाही बोलवा. मला एकदम पटलं.

ठराव झाला नाही. "हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला आहे," म्हणाले.

मग बैठक कशाची होती?