तुम्ही विचारलंत म्हणून: सायटिकाला कायरोप्रॅक्टर चालेल का?

काखेत एमआरआयचं पाकीट, मोबाइलवर कुणाची तरी मान कडाकडा मोडल्याचा व्हिडिओ, आणि मग प्रश्न: "सायटिका आहे, कायरोप्रॅक्टरकडे जाऊ का?" सायटिका म्हणजे कंबरेतली नस दबून पायात उतरणारी कळ; कायरोप्रॅक्टर म्हणजे मणक्यांना हातानं झटके देऊन उपचार करणारा. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे ‘नको’च म्हणणार, हे विचारणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. काहीही सांगितलं तरी ती धंद्याची भाषा वाटते. वाटू दे.

आधी त्या ‘कट्’ आवाजाचं. तो गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती (डिस्क), जागेवर बसल्याचा नव्हे. कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा दुमडतात, खांदा मागे धरून कुल्ला पुढे वळवतात आणि शेवटी एक छोटा, वेगवान झटका देतात. मणक्यांच्या मागचे लहान सांधे क्षणभर फाकतात, आतल्या द्रवाचा दाब एकदम पडतो आणि वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना हेच होतं. म्हणून तोच सांधा पुन्हा वाजायला वीसेक मिनिटं जावी लागतात. स्नायूंचा ताठरपणा उतरतो, वेदना काही वेळ कमी होते. गादी मात्र होती तिथेच राहते.

पूर्वी मी इथेच थांबायचे: आवाज आहे, उपचार नाही. तेवढ्यानं भागत नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका चाचणीत गादी बाहेर आलेल्या 102 रुग्णांपैकी निम्म्यांना खरे झटके दिले, निम्म्यांना नुसते दिखाऊ. पायात उतरणारी कळ खऱ्या गटात 55 टक्के लोकांची पूर्ण गेली, दिखाऊ गटात 20 टक्क्यांची. गादीचा फुगवटा दोन्हीकडे सारखाच राहिला. आता हे माझ्या बाजूचं की त्यांच्या? एकच चाचणी, तीही ताज्या दुखण्यावरची, हे मी लगेच जोडते. पण आकडे नाकारता येत नाहीत. बहुतेकांची सायटिका सहा ते बारा आठवड्यांत तशीही ओसरते आणि श्रेय शेवटी ज्याचा हात लागला त्याला मिळतं, हेही खरं. त्यातलं थोडं श्रेय आम्हीही खातोच.

मला धास्ती आहे ती वेगळीच. झटक्यानंतर पायातली कळ थांबते, माणूस खूश होतो, चार जणांना पत्ता देतो. दोन दिवसांनी चालताना चप्पल पायातून निसटायला लागते, पायरीला अंगठा ठेचकाळतो, पाऊल जमिनीवर थपकन आपटतं. वेदना थांबली म्हणजे नस सुटलीच, असं नाही. कधी कधी नस इतकी दबते की दुखणं कमी होतं आणि पाऊल उचलायची ताकद जाते. दोष झटक्याचाच असेल असंही नाही. ताकद आधीपासूनच कमी होत असेल. पण टेबलावर घेण्यापूर्वी कुणी पाहिलेलंच नसतं. पाहायला पाच मिनिटं पुरतात. टाचांवर दहा पावलं चालवा. एकेका पायाच्या चवड्यावर दहादा अंग वर उचलायला लावा. अंगठा वर ओढायला सांगून बोटानं खाली दाबा, दोन्ही बाजूंची ताकद सारखी आहे का बघा. घोट्यामागच्या जाड स्नायुबंधावर तपासणीची छोटी हातोडी मारून पाऊल उडतंय का पाहा. उताणं झोपवून सरळ पाय उचला. बऱ्या पायाला उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर गादीचा संशय पक्का होतो. हे न करता थेट कुशीवर वळवणाऱ्याकडून, तो कायरोप्रॅक्टर असो की माझ्याच पेशातला, उठून या.

बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन्ही पाय लटपटणं: यातलं काही असेल तर कुठलंच टेबल नको, त्याच दिवशी हॉस्पिटल. अशा वेळी शस्त्रक्रियेला काही तासांचा उशीरही महागात पडतो.

आपल्याकडे कायरोप्रॅक्टरची वेगळी नोंदणी परिषद नाही. परदेशात चार वर्षं शिकलेला आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेला, दोघांची पाटी सारखीच दिसते. म्हणून विचारा: झटक्याशिवाय काही करता का? टेबलाचा पायाकडचा भाग हळूहळू खाली झुकवून कंबर ताणायची पद्धत आहे, ती गादीच्या ताज्या दुखण्याला सोसते. व्यायाम देता का, हेही विचारा. कुठला उपचार कधी द्यावा हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) या सरकारी संस्थेची 2016 ची शिफारसही हातांच्या उपचाराला व्यायामासोबतच जागा देते.

नंतर कळ कुठे सरकते ते बघा. पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत आली, तर कंबर जास्त दुखली तरी चालेल. उलट खाली उतरली तर थांबा. आणि चोवीस बैठकांचे पैसे आधी भरू नका. सहात कळ वर सरकली नाही, तर उरलेल्या अठरा कशासाठी?