चिमट्याने वेचलेले केस

आठवडा झाला, तरी ते चार तास डोक्यातून जात नाहीत.

बाई पूर्वी व्यावसायिक टेनिस खेळायच्या, आता चित्रकार. चेंडू शाईत बुडवायचा आणि भिंतीवर लावलेल्या कागदावर रॅकेटने मारायचा. चेंडू आणि रॅकेटचे ठसे कागदावर उमटवणारा डॅनिश खेळाडू टोर्बेन उल्रिक (१९२८–२०२३) मला ऐकून माहीत होता. असं काम हातात मात्र पहिल्यांदाच आलं. दोन मोठे जपानी कागद, फ्रेम करायला.

मोठ्या कामाला काच जड होते, म्हणून सगळे ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, मागतात. पण साधं ॲक्रिलिक पुसलं की त्यात स्थिर वीज साठते आणि कागदावरचं सुटं काहीही ते ओढून घेतं. म्हणून खडूच्या किंवा कोळशाच्या चित्रावर मी ते कधी लावत नाही. इथे ठशाठशात चेंडूचे पिवळे केस अडकलेले. म्हटलं, आधी हे काढू. पोऱ्या म्हणाला, "विचारून घ्या ना." मी त्याला गप्प केलं. विचारल्याशिवाय चित्राला हात लावायचा नाही, हे त्याला शिकवलं मीच! भिंग, चिमटा, चार तास. कागदाचा एक तंतू तुटला नाही. सेलोटेपने चित्रं चिकटवणाऱ्यांना हे काम दाखवावं, असंही मनात येऊन गेलं.

बाई आल्या. आधी दुसऱ्या, हात न लावलेल्या कागदावर बोट न टेकवता दाखवत गेल्या. "हा सपाट फटका, म्हणून गोल. इथे टॉपस्पिन, शेपटी बघा. हा बॅकहँड, उशीर झाला होता." चेंडू साडेसहा सेंटिमीटरांहून मोठा, पण ठसा त्याहून लहान, जोर जास्त तेवढा चेंडू चपटा होतो आणि ठसा पसरतो. मग त्या पहिल्या कागदापाशी गेल्या आणि थांबल्या.

"केस कुठे गेले?"

मी सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "नवा चेंडू केस सोडतो, जुना नाही. कुठला कधीचा, ते त्यावरूनच कळायचं."

दुसऱ्याला काच लावली, कागदापासून चांगली लांब धरून. पहिल्यासाठी पोऱ्याने कचऱ्याची पिशवी वर्तमानपत्रावर पालथी केली. चिमूटभर केस मिळाले. बाई बराच वेळ बघत राहिल्या. कुठला कुठल्या ठशाचा, ते त्यांनाही सांगता आलं नाही.